भाकऱ्यांवर फेडलेलं कार्ड

आमच्या घरात तेव्हा पैसा होता, पण तो मी कमावलेला नव्हता, आणि बाबांनी कमावला असंही म्हणता येणार नाही. पनवेलजवळच्या कोन गावातली आमची निम्मी शेती हायवेत गेली, उरलेली बिल्डरने घेतली, आणि एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत कौलारू घराच्या जागी दुमजली गुलाबी बंगला उभा राहिला. आत पांढरी गुळगुळीत लादी. पाय घसरतो म्हणून आई त्या लादीवरून भिंतीला हात लावत चालायची आणि दिवसभर मागच्या पडवीतच असायची. नव्या ओट्यावरच्या गॅसवर फक्त पाहुण्यांचा चहा होई. आमचा भात, वालाचं कालवण, सुकटीची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या सगळं पडवीतल्या चुलीवर. दुपारी बाबा नाक्यावरून घरी येत. गळ्यात जाड साखळी, दारात जीप. गावात बहुतेकांच्या गळ्यात तशी साखळी आणि दारात तशी जीप होती, आणि बहुतेकांना सकाळी उठून करण्यासारखं काही उरलं नव्हतं. विकायची राहिली होती ती तळ्याकडची पाच गुंठे जमीन. तिथे आई दर थंडीत वाल आणि थोडी तूर लावायची.

मी पदवीधर झाले आणि बेलापूरच्या एका ऑफिसात कामाला लागले. विम्याचे फॉर्म तपासायचं काम, पगार साडेनऊ हजार. आमच्या आळीतली ऑफिसात जाणारी मी पहिली मुलगी. बाबांनी पहिल्याच महिन्यात जाहीर करून टाकलं की मुलीच्या पगाराला घरात कोणी हात लावायचा नाही. त्यांच्या दृष्टीने तो मानाचा प्रश्न होता. झालं असं की महिन्याचे साडेनऊ हजार माझ्या एकटीचे झाले, आणि त्यांचं काय करायचं असतं हे मला सांगू शकेल असं घरात कोणी नव्हतं. आमच्याकडे पैसा एकदम यायचा, जमिनीसारखा, आणि एकदम जायचा. महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पैशाची कोणालाच सवय नव्हती.

क्रेडिट कार्डाचा फॉर्म भरला तो खारघरला, एका मोठ्या दुकानाच्या दाराशी बँकेने मांडलेल्या टेबलावर. निळा कोट घातलेली माझ्याच वयाची मुलगी होती. ती मला मॅडम म्हणाली. ऑफिसात मला नुसत्या नावाने हाक मारत, गावात धनाजीची वनी म्हणत. मॅडम मी पहिल्यांदाच झाले. तीन आठवड्यांनी जाड पाकिटातून कार्ड आलं, त्यावर माझं नाव उठावाच्या अक्षरात. ते नाव मी अंगठ्याने कितीदा चाचपलं असेल. पुढे काय काय घेतलं ते लिहायला आजही संकोच वाटतो. सँडल, अत्तराची बाटली, ऑफिसातल्या सहाजणींना जेवण, मग मोबाईल, मग त्याच सहाजणींबरोबर गोवा. आईला कपडे धुवायचं मशीन आणलं. ती त्यात जुन्या साड्या ठेवायची. बिलावर दोन आकडे असत, एक मोठा आणि खाली चौकटीत एक लहान. कमीत कमी एवढे भरा, असा तो लहान आकडा. मी तो दर महिन्याला वेळेवर भरत होते आणि स्वतःला व्यवहाराची चोख समजत होते. वर्षभरात त्याच बँकेने दुसरं, सोनेरी कार्ड पाठवलं. तेही घेतलं. त्यातून रोख काढून पहिल्याचा लहान आकडा भरू लागले. माझी भाची आता नोकरीला लागली आहे. सगळं फोनवरूनच भरते. तिला मी बाकी काही विचारत नाही, फक्त मोठा आकडा किती आहे ते विचारते. तिला वाटतं आपल्या आत्याला हिशोबाचं वेड आहे.

एके दिवशी लहान आकडाही भरता येईना. तेव्हा दोन्ही कार्डांचे मिळून एक लाख बारा हजार झाले होते. मी तीन महिने काहीच भरलं नाही. आलेली पाकिटं न फोडता तांदळाच्या पिंपामागे सारली. मग ऑफिसात वसुलीचे फोन येऊ लागले. फोनवरचा माणूस कधी ओरडला नाही. रोज तेच विचारायचा, "मग काय ठरवलंत, मॅडम?" रोज मी सांगायची की पुढच्या आठवड्यात भरते. शेवटी मी ऑपरेटर बाईंना सांगितलं की असा फोन आला तर मी रजेवर आहे म्हणा. लपायला जागा उरली नाही की माणूस काय काय करतो.

त्याच सुमाराला माझ्या भावाचं, दिनेशचं लग्न निघालं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. दारात मांडव, सहा पातेली मटण, बेंजोवाले, आणि मांडवाच्या एका कोपऱ्यात कमळआत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असायची. ती धवलारीण होती, म्हणजे लग्नातले धवले गाणारी. पंचक्रोशीत तिच्याशिवाय हळद लागत नसे. तिचा आवाज बारीक आणि चिवट होता, बेंजोच्या कर्ण्यांच्या मधून वाट काढून पोचायचा. दिवेलागणीला पहिली पंगत बसली. मी भाकऱ्या वाढत होते. बाबा फाटकाशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून आत आणत होते. तेवढ्यात मोटारसायकलवरून दोघंजण आले. एक तरुण, आणि एक पन्नाशीचा, खिशाला दोन पेनं लावलेला. बाबांनी त्यांना नावही विचारलं नाही. "बसा पावनं, पयले जेवा," म्हणत पंगतीत बसवलं.

मी भाकरी घेऊन त्यांच्यासमोर गेले. "अर्धीच द्या, मॅडम," तो पन्नाशीचा माणूस म्हणाला, आणि मी आवाज ओळखला. त्यानेही मला ओळखलं असावं. माझा हात टोपलीतच राहिला. तो खाली मान घालून जेवायला लागला. तरुणाने पत्रावळीला हात लावला नाही, तेव्हा बाबा स्वतः येऊन त्याला आग्रह करू लागले, मटणाचे दोन तुकडे आणखी वाढायला लावले. मी वाढत पंगतीच्या टोकापर्यंत गेले आणि तिथून आत पळून जावं असं मनात आलं. गेले नाही. का गेले नाही ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित तीन महिने पळूनच दमले होते.

जेवण झाल्यावर तो माणूस मागच्या पिंपावर हात धुवायला गेला. बाबा पाणी ओतायला गेले. मीही गेले. त्याने हात धुतले, रुमालाने पुसले आणि म्हणाला, "काका, तुमचं अन्न पोटात गेलंय, आता तुमच्याशी खोटं बोलवत नाही. आम्ही हळदीला आलेलो नाही. वनिता मॅडमकडे काम होतं."

"कसला काम?"

त्याने सांगितलं. हळू आवाजात, आकड्यासकट. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मांडवात बेंजो सुरूच होता. बाबांनी तांब्यातलं उरलेलं पाणी ओतून टाकलं. मग त्या माणसाला म्हणाले, की तळ्याकडचे पाच गुंठे आहेत, गिऱ्हाईक कधीचं मागे लागलंय, उद्या बोलतो, आठ दिवसांत पैसे घेऊन जा. बाबांना ते सोपं होतं. अडलं की जमीन विकायची, एवढंच त्यांना गेल्या दहा वर्षांत कळलं होतं. मला मात्र त्या क्षणी तिथे वालाच्या वेलांत वाकलेली आई दिसली, आणि मी बोलले.

"बाबा, ती जमीन इकायची नाय. पैसे मी घेतले. मीच फेडीन."

"तुजा पगार किती?"

मी सांगितलं. बाबा तांब्या पिंपावर ठेवून मांडवात गेले. नवऱ्याच्या बापाला हळदीत नाचावं लागतं, ते नाचले. दोन्ही हात वर करून, चेहरा दगडासारखा ठेवून. माझ्याशी मात्र त्यानंतर चार महिने बोलले नाहीत. जाताना तो माणूस मला एवढंच म्हणाला, की सोमवारी वाशीच्या शाखेत जा, दुसऱ्या मजल्यावर, फोनवर काही कबूल करू नका, जे ठरेल ते लिहून घ्या. त्याचं नाव मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

सोमवारी गेले. पिंपामागची सगळी पाकिटं पिशवीत घालून नेली. दुसऱ्या मजल्यावर एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी माझ्यासमोर एक एक पाकीट फोडलं, तारखेप्रमाणे लावलं, आणि दोन वाटा सांगितल्या. एक म्हणजे आत्ता एकरकमी साठ हजार भरायचे, बाकीचे बँक सोडून देईल, पण नोंदीत राहील की हिने पूर्ण फेडले नाहीत. दुसरी म्हणजे कार्डं बंद करून सगळ्या रकमेचा हप्ता बांधायचा, महिना साडेचार हजार, तीस महिने. मी हप्ता म्हटलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. पगाराचा जवळजवळ अर्धा भाग जाईल म्हणाल्या, घरून कोणी देण्यासारखं नाही का?

"देतील ना," मी म्हटलं. "म्हणूनच हप्ता बांधा."

त्यांनी खणातून कात्री काढली आणि माझ्याच हातात दिली. प्लास्टिक चिवट होतं. उठावाच्या अक्षरांपाशी कात्री अडली. मी जोर लावला.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती वाल सोलत होती. तिने सोलणं थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, की पगारातले साडेचार गेले तर तुझ्या हातात राहणार किती, आणि त्यात काही अडलं तर काय करणार. मी म्हटलं, आणखी काहीतरी काम करीन. काय करशील, हे तिने विचारलं नाही. मला भाकरीसुद्धा करता येत नाही हे तिला ठाऊक होतं. पण भाकरीचा विषय दुसऱ्याच बाजूने आला. ऑफिसात माझ्या डब्यातल्या भाकरीवर खारघरच्या मैत्रिणी तुटून पडायच्या. पोळी सगळ्यांना येते, उकडीची तांदळाची भाकरी कोणाला येत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकीने रविवारसाठी दहा मागितल्या आणि पैसे देऊ केले. ते पैसे हातात घेताना मला सुचलं.

पुढचे तीन शनिवार मी डब्यात नमुन्याच्या भाकऱ्या घेऊन पनवेल आणि कळंबोलीच्या खानावळी पालथ्या घातल्या. बहुतेकांनी पोळी स्वस्त पडते म्हणून परत पाठवलं. एकाने भाकरी खाल्ली, बोटं चाटली आणि नको म्हणाला. कळंबोलीला लोखंड बाजाराच्या तोंडाशी मालवणकडच्या पारकरताईंची मासळीची खानावळ होती. त्यांनी भाकरी उलटीपालटी करून पाहिली, घडी घालून पाहिली, मोडत नाही हे बघितलं आणि रोज साठ आणाल का विचारलं. साडेतीन रुपयांना एक. सकाळी साडेदहाच्या आत. मी हो म्हणाले. साठ भाकऱ्या म्हणजे किती पीठ, हेही मला माहीत नव्हतं.

मग पहाटे चारला पडवीत चूल पेटू लागली. आई उकड काढायची. मोठ्या टोपात पाण्याला आधण आलं की पीठ सोडायचं, झाकायचं, आणि हात भाजत असतानाच मळायचं. आत्या थापायची. मी शिकत होते. माझी भाकरी पहिले पंधरा दिवस कडेला फाटायची. फाटलेल्या आम्ही घरी खायचो, दिनेशची नवी बायको तर वैतागली होती. हाताला फोड आले, ऑफिसात टाईप करताना ठणकायचे. आत्या शिकवताना काही समजावून सांगत नसे. ती थापता थापता धवले गुणगुणायची आणि माझा हात चुकला की गाणं थांबवायची. गाणं पुन्हा सुरू झालं की समजायचं, आता बरं चाललंय. महिनाभराने एकदा ती सगळं गाणं न थांबता म्हणाली. मी साडेपाचपर्यंत थापायची, मग अंघोळ करून, अंगाला येणारा धुराचा वास साबणाने दोनदा धुऊन, सिक्स सीटर रिक्षाने पनवेल आणि पुढे बेलापूर. टोपली सव्वानऊच्या दुसऱ्या सिक्स सीटरने ओळखीचा ड्रायव्हर नेऊन पोचवायचा.

बाबांना हे लागलं. नाक्यावर कोणीतरी विचारलं होतं, की धनाजीशेठ, मुलगी भाकऱ्या इकते म्हणे. ते घरी आले आणि आईला म्हणाले, उद्यापासून चूल बंद. मी त्या दिवशी रजेवर होते, जिन्यात उभी होते. आई बाबांसमोर कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही.

"तुमी जमीन इकली, ती चालली," ती म्हणाली. "मी भाकरी इकली तर लाज वाटते?"

बाबा उभे होते तसेच वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी चूल पेटली.

माझं काय चाललं होतं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. बस सोडून चालत जायचं, बाहेरचा चहा बंद, सहाजणींच्या वाढदिवसांना काही ना काही कारण काढायचं. त्यातल्या दोघी पुढे माझ्याशी बोलेनाशा झाल्या. दसऱ्याला जुनीच साडी नेसले. एक हप्ता चुकला, आत्याला ताप भरून चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं तेव्हा. बाबांनी पैसे काढले होते, पण आत्याने माझ्याकडेच हात केला. का ते मला समजलं. तिला माझ्या पैशांतून बरं व्हायचं होतं. पुढच्या महिन्यात मी दंडासह दोन हप्ते भरले. ते भरताना मला वाईट वाटलं नाही, याचं तेव्हा नवल वाटलं होतं.

हळदीला चार महिने झाले असतील. एका सकाळी सिक्स सीटरवाल्यांचा संप होता. एव्हाना रोजच्या साठाच्या नव्वद भाकऱ्या झाल्या होत्या; त्या टोपलीत बांधून तयार, आणि नेणार कोण. मी ऑफिस बुडवून निघायच्या तयारीत होते. बाबा वरून खाली आले, पांढरा शर्ट, गळ्यात साखळी. टोपली उचलली, जीपच्या पुढच्या सीटवर ठेवली, कलंडू नये म्हणून तिच्याभोवती आपला पंचा गुंडाळला आणि निघून गेले. आम्ही तिघी पडवीत एकमेकींकडे बघत राहिलो. मी बसने उशिरा ऑफिस गाठलं; संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा दारापुढच्या ओट्यावर बसले होते.

"ती पारकरबाय बोलते, उद्यापासून सव्वाशे पायजेत," ते मला म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "भाकरी कोन करते, ते इचारत होती. मी बोललो, माजी मुलगी."

त्यानंतर टोपली जीपमधूनच जाऊ लागली. नाक्यावरचे लोक काय म्हणत ते बाबांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पण काही महिन्यांनी नाक्यावरचेच दोघंतिघं रविवारच्या भाकऱ्या सांगू लागले, आणि बाबा त्यांच्याकडून रोख घेत, उधार ठेवत नसत.

तीस महिन्यांचं कर्ज तेविसाव्या महिन्यात संपलं. शेवटची रक्कम भरायला मी वाशीला स्वतः गेले. त्या चष्मेवाल्या बाई बदलून गेल्या होत्या. नव्या माणसाने शिक्का मारून पत्र दिलं, आमचं तुमच्याकडे काही येणं नाही, एवढ्या मजकुराचं. घरी आल्यावर बाबांनी ते माझ्याकडून मराठीत वाचून घेतलं. दोनदा. मग कपाटातली प्लास्टिकची पिशवी काढली, जिच्यात तळ्याकडच्या पाच गुंठ्यांचा सातबारा असायचा, आणि ते पत्र तिच्यात सातबाऱ्याला लागून ठेवलं. ती जागा अजून आमची आहे. आता वरून विमानं जातात, आईचं वय झालंय, पण थंडीत वाल लागतातच.

दुसऱ्या दिवशी मी गजर लावला नव्हता. वाटलं, आज सात वाजेपर्यंत झोपायचं. पण चारला सवयीने जाग आली आणि पडवीतून थापण्याचा आवाज ऐकू आला. धावत खाली गेले. आई उकड मळत होती, आत्या थापत होती, आणि माझ्या जागी दिनेशची बायको बसली होती. तव्यावरची भाकरी उलटत होती. मी हात धुवायला लागले.

"तू झोप जा," आई म्हणाली. "कर्ज तुजा व्हता, तो फिटला. धंदा आमचा हाय."

मी तिथेच उभी राहिले. कोणी सरकून जागा केली नाही. तिघींच्या हातांना वेळ नव्हता. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, माझ्या डब्याला दोन भाकऱ्या बाजूला काढा.

"सात रुपये," आत्या म्हणाली. ती हसत नव्हती.

मी वर गेले, पर्समधून सात रुपये सुटे आणले आणि तिच्या हाताला पीठ होतं म्हणून तिच्या पदराच्या गाठीत बांधून दिले.